जयाच्या पाठीवरची तीन बोटं

१

आठ आठवड्यांच्या जयाचं झबलं डॉक्टरांनी वर सारलं आणि त्यांचा हात तिथंच थांबला.

पाठीवर डाव्या अंगाला निळ्या खुणा होत्या. दोन जवळजवळ, मग बोटभर कोरी जागा, मग आणखी एक. खोलीत कुणी काही बोलायच्या आधी राहीबाईनं ओळखलं. बेचाळीस पोरं अंगाखांद्यावर घेतलेली बाई ती. हा डास नव्हे, दुपट्याची गाठ नव्हे. कुणीतरी तिची नात पंजात धरली होती.

"काल सकाळच्यापास्नं दूध ओकतीय," ती म्हणाली. "पहाटं नाकातनं रगताचा थेंब आला, तवा उचलली आन आनली. ह्या खुना मला आत्ता दिसत्यात."

डॉक्टरांनी जयाच्या टाळूवर बोट ठेवलं. टाळू वर आली होती, आणि पोर रडतही नव्हती. तिला डोक्याचा फोटो काढायला नेलं. तासाभरानं डॉक्टरांनी राहीबाईला आणि तिच्या लेकाला, रामहरीला, आत बोलावलं.

"डोक्यात रक्तस्राव झालाय," ते म्हणाले. "पाठीवर बोटांचे वण आहेत. एवढं लेकरू आपण होऊन पडत नाही. कुणीतरी दाबून धरलंय, कदाचित गदागदा हलवलंय. मला पोलिसांना कळवावं लागतं. कळवलंय."

"दुसरं काई कारन नसंल?"

डॉक्टरांनी लसीचं गुलाबी कार्ड उलटलं. "जन्मल्यापासूनच्या सगळ्या सुया वेळेवर झाल्यात. कार्ड चोख आहे. रक्त तपासायला नगरला पाठवलंय, संध्याकाळी कळेल. तोपर्यंत आई बाळाजवळ एकटी बसणार नाही. दूध वाटीत काढून द्यायचं, सिस्टर पाजतील."

जयाची आई रुपाली दाराशी उभी होती. तिनं सगळं ऐकलं. चोळीवर दुधाचे दोन डाग पसरत गेले, पण तोंडातनं शब्द फुटला नाही. राहीबाईला ते खटकलं. खऱ्या आईनं अशा वेळी दवाखाना डोक्यावर घेतला असता, असं तिला वाटलं.

"पोलीस कवा येत्यात?"

"चारपर्यंत."

"मग चार वाजेस्तोवर मला येळ द्या. माझ्या कोपीत पोरीला हात लावनारी मानसं तीन. बाप, आय आन आत्या. त्यातला हात कुनाचा, ते पोलिसांच्या आधी मी सांगते."

ती जयाच्या पाळण्याशी गेली. सिस्टर एलिझाबेथ नावाची पोक्त नर्स तिथं बसली होती. तिच्यादेखत राहीबाईनं पदराचा एक धागा ओढून काढला, जयाच्या पाठीवर अलगद धरला आणि प्रत्येक खुणेवर एक गाठ मारली. तीन खुणा, तीन गाठी. वाचायला तिला यायचं नाही, पण मोजमाप तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

२

राहीबाई पाथर्डीकडची. मालक, भिमाजी मुकादम, गेल्यावर ऊसतोडीची टोळी तिनंच राखली. दसरा झाला की अठरा कोयत्यांची टोळी घेऊन ती खाली कारखान्यांच्या मुलखात उतरायची. औंदा फड बेलापूरच्या शिवारात होता. उसाच्या पाचटाच्या कोप्या, पुढं चुली, मागं बैल. टोळीतली गडीमाणसं तिच्या कोयत्याला भीत नसत, जिभेला भीत.

आणि तिला मान होता तो हातांचा. डाव्या हाताचं एक बोट कोयत्यानं नेलं तरी त्या हातांनी बेचाळीस बाळंतपणं केली होती आणि एकही पोर हातचं जाऊ दिलं नव्हतं. जयाही त्याच हातांवर जन्मली. भर दुपारी, कोपीत. रामहरीनं घाबरून दवाखान्याच्या गाडीला फोन केला होता. गाडी आली तेव्हा बाळ दूध पीत होतं.

"आजी, तरी दोघींना न्यायला पाहिजे," डायवर म्हणाला होता.

"आता काय न्हेतो? नाळ तू कापनार हाईस का?"

सगळी टोळी हसली. राहीबाईनं डायवरला चहा पाजला आणि गाडी रिकामी माघारी लावली. तेव्हापासून रोज सकाळी पाय पसरून, जयाला नडग्यांवर पालथी घालून, तेल लावून अंघोळ घालायची ती तिनंच. सुनेला त्या कामाला तिनं हात लावू दिला नाही. नव्या पोरींना पोर धरता येत नाही, असं तिचं म्हणणं.

आता दवाखान्याच्या आवारात चिंचेखाली बाकडं होतं. तिथं बसून तिनं पहिल्यांदा रामहरीला बोलावलं.

"हात दाव."

"आये, मी बाप हाय तिचा."

"बाप हाईस म्हनूनच पैला तुला बोलावला."

त्यानं पंजा पुढं केला. धागा त्यावर तोकडा पडला. पहिली गाठ तर्जनीवर धरली, तर तिसरी करंगळीपर्यंत पोचेचना.

"मी तिला उचलली तरी कवा?" रामहरी म्हणाला. "कोयता धरून हात पत्र्यावानी झालाय. पोरीला लागंल म्हनून भ्या वाटतं. आन गावाकडच्या थोरलीच्या पाठीवर दुसरी बी पोरगीच झाली म्हनून आठ दिस तोंड फुगवून कोन हुतं, ते तुला ठावं हाय. मी न्हवतो."

राहीबाईनं ते ऐकून न ऐकल्यासारखं केलं. "जा. पंकजाला धाड."

पंकजा तिची लेक. नांदत नव्हती, दोन वर्षांपासून टोळीतच मोळ्या बांधायची. तिचा हात अरुंद, बोटं एकमेकींना चिकटलेली. धाग्याच्या गाठी तिच्या पंजाबाहेर गेल्या.

"तुझा न्हवं," राहीबाई म्हणाली.

पंकजा उठली नाही. पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिली. "आये, एक सांगू? रागाला येऊ नको."

"रागाला यायचं का न्हाई ते ऐकल्यावर ठरवीन."

"दिवस कलला का वैनी जयाला जवळ घेत न्हाई. माझ्या मांडीवर टाकती आन कोपीत कोपऱ्याला जाऊन बसती. सैपाक बी उजेड हाय तवाच उरकती. मागल्या सोमवारी पान्याच्या हंड्याला धडकली, मला म्हनली चक्कर आली. परवा तर जया सामनं रडत हुती आन वैनी हात फुडं करून भलतीकडंच चाचपत हुती." तिनं आवाज खाली घेतला. "वैनीनं काईतरी दडवलंय, आये."

३

रुपाली आली ती हातात वाटी घेऊन. दूध काढून दिलेली रिकामी वाटी. ती कुठं ठेवावी हेसुद्धा तिला सुचलं नव्हतं.

"बस."

ती बाकड्याच्या टोकाला बसली. राहीबाईनं धागा तिच्या हातावर धरला. पहिल्या दोन गाठी बसल्या. तिसरी करंगळीवर बसली. करंगळीशेजारचं बोट मात्र मोकळं राहिलं. ते वर उचलून धरलं तरच पाठीवर तशा खुणा उमटल्या असत्या. बोट उचलून पोर कोण धरतं? पण लांबी जुळत होती, आणि चार वाजायला फार वेळ नव्हता.

"रुपे, आता खरं बोल. दिवस बुडताना पोर का टाकतीस?"

रुपालीनं वाटी मांडीत घट्ट धरली.

"पोलिसांफुडं गप बसशील तर त्ये त्याचा अर्थ त्यांच्या मनानं लावतील. लेकीपासनं तोडतील तुला. मला सांग."

"तुमालाच सांगायचं न्हवतं," रुपाली म्हणाली. तिचा आवाज इतका शांत होता की राहीबाईला क्षणभर कळलंच नाही की सून उलट बोलली. "सातवा लागला तवापास्नं सांजचं दिसत न्हाई मला, आत्याबाई. दिवसा समदं नीट दिसतं. दिवस कलला का कोपीच्या दोऱ्या दिसत न्हाईत, चूल दिसत न्हाई. मानसं नुसती सावली. म्हनून जयाला पंकजाताईंकडं देते. माझ्या हातनं पडंल म्हनून."

"आन सांगितलं का न्हाईस?"

"तुमी म्हनला असता, आंधळी पदरात घातली. समद्या टोळीत म्हनला असता."

राहीबाईच्या जिभेवर काहीतरी आलं होतं. ते तिनं गिळलं, कारण ती तसंच म्हणाली असती.

वाटी न्यायला आलेली सिस्टर एलिझाबेथ दोन पावलांवर उभी होती. तिनं रुपालीची हनुवटी उजेडाकडं वळवली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. "पोटुशी असताना काय खात होतीस?"

"भाकर. ठेचा. कंदी कालवन."

"पालेभाजी? दूध? अंडं?"

रुपालीनं मान हलवली. भल्या पहाटे फडात जायचं, भाकरी फडक्यात बांधून. दूध असलं तर गड्यांच्या चहाला.

"हे रातांधळेपण आहे," सिस्टर म्हणाली. "अंधुक उजेडात दिसायला डोळ्याला जीवनसत्त्व अ लागतं. तुझ्या अंगात होतं तेवढं बाळानं ओढून घेतलं आणि तुला उरलं नाही. औषधानं आणि खाण्यानं भरून येतं. लाजायचं काय त्यात? लवकर सांगायचं होतंस."

म्हणजे सांजेचं कोडं उलगडलं. जी बाई पडेल म्हणून लेकरू दुसऱ्याच्या मांडीवर देते, ती त्याला गदागदा हलवत नाही. राहीबाईनं धागा बोटाला गुंडाळला. तिघं होती, तिघंही सुटली. मग हात कुणाचा?

"पाठीवरच्या खुना तू पैल्यांदा कवा पाहिल्या?" तिनं सुनेला विचारलं.

रुपालीनं सिस्टरकडं पाहिलं, मग जमिनीकडं.

"काल. सकाळी झबलं काढलं तवा पाठ निर्मळ हुती. दुपारी निळी दिसली."

"मधी कुनी धरली हुती तिला?"

"मधी अंघुळ झाली, आत्याबाई."

राहीबाईनं बोटावरचा धागा सोडवला. डावा हात मांडीवर उपडा ठेवला आणि धागा त्यावर ओढून धरला. पहिली गाठ तर्जनीवर. दुसरी मधल्या बोटावर. मग करंगळीशेजारची ती जागा, जिथं कोयत्यानं तेवीस वर्षांपूर्वी बोटाचा खुंट ठेवला होता. आणि तिसरी गाठ करंगळीवर.

धागा कुठंच तोकडा नव्हता, कुठंच सैल नव्हता.

४

रुपाली उठून आत गेली. जाताना म्हणाली, "आता माझ्याशी बोलू नगा."

राहीबाई तशीच बसून राहिली. दुपारची उन्हं बाकड्यावर आली, ती सरकली नाही. आपण पोर दाबली? तिनं मनातल्या मनात कालची अंघोळ पुन्हा घातली. डावा तळवा पाठीवर, उजव्यानं पाणी. पोर घसरू नये इतकाच दाब. अशीच रामहरीला घातली, पंकजाला घातली, पुतण्यांना, शेजारपाजारच्यांना घातली. कुणाच्या पाठीवर कधी डाग उठला नाही.

मग ह्या एकीच्याच पाठीवर का?

हात तोच, रीत तीच. मग फरक पोरीत असला पाहिजे.

ती मागं मागं जाऊ लागली. दीड महिन्याच्या सुया झाल्या, तेव्हा जयाची मांडी आठ दिवस काळीनिळी होती. सुईनं होतं असं, म्हणून सोडून दिलं. त्याच्या आधी तिसऱ्या आठवड्यात बेलापूरच्या बाजारात कान टोचले. तिथं तिचं मन अडकलं.

त्या दिवशी कान टोचायला दोन पोरी होत्या. एक जया. दुसरी शेजारच्या कोपीतल्या कानिफनाथची, जयाहून चारच दिवसांनी थोरली. सोनार तोच, तार तीच, बसायची जागा तीच. कानिफनाथच्या पोरीचं रक्त चिमूटभर हळदीनं जागच्या जागी थांबलं. जयाचं थांबेना. एक फडकं भिजलं, दुसरं भिजलं. सोनार वैतागून म्हणाला होता, "आजी, हिचं रगत लई पातळ हाय." राहीबाईनं त्यालाच झापलं होतं, तुझा हात हलला म्हणून.

त्याचा हात हलला नव्हता. तेव्हा पोरीच्या पाठीवर कुणाचीच बोटं नव्हती, डोक्यात काही नव्हतं, आणि तरी रक्त थांबत नव्हतं. म्हणजे बिघाड बोटांच्या आधीचा. बोटांनी तो फक्त दाखवला.

मग कानिफनाथच्या पोरीत आणि जयात फरक कोणता? दोघींच्या आया एकाच फडातल्या. भाकरी एकाच बाजरीची. दोघीही नुसत्या अंगावर पिणाऱ्या.

एकच फरक होता. कानिफनाथची बायको दवाखान्यात बाळंत झाली होती. त्याच गाडीतनं गेली होती, चार दिवस आधी.

राहीबाई उठली. गुडघे दुखत होते, पण ती जवळजवळ धावत आत गेली.

"शिस्टरबाई, लेकराचं रगत थांबत न्हाई ते कशानं?"

सिस्टर एलिझाबेथनं तिच्याकडं नीट पाहिलं. "पुष्कळ कारणं असतात, आजी. तान्ह्या बाळात एक फार जुनं. रक्त गोठवायला जीवनसत्त्व के लागतं. आपल्याला ते पालेभाजीतनं मिळतं, आतड्यातही थोडं तयार होतं. नुकत्या जन्मलेल्या बाळापाशी ते नसतं. आईच्या दुधातही अगदी थोडं उतरतं."

"दूध खोटं म्हनता का?"

"दूध खोटं नाही. त्यात हे एकच कमी. म्हणून जन्मल्या दिवशीच मांडीत एक बारीक सुई देतात. ती चुकली तर बाळ महिना-दीड महिना हसतखेळत वाढतं, कुणाला संशय येत नाही. आणि मग एक दिवस कशाचंही निमित्त होतं, नाहीतर निमित्तही लागत नाही. कातडीखाली रक्त, नाकातनं रक्त, डोक्यात रक्त."

"जयाला ती सुई हाय का?"

"आहे की. डॉक्टरांनी पहिलं तेच पाहिलं. कार्डावर टीक आहे." सिस्टरनं कार्ड उघडलं.

"मला वाचून दाव. वरनं."

सिस्टर वाचू लागली. आईचं नाव. बापाचं नाव. जन्मतारीख. मग तिचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

"प्रसूतीचं ठिकाण, दवाखाना."

राहीबाईनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

५

ते कार्ड तिनं आठ आठवडे रेशनकार्डाच्या पिशवीत जपलं होतं. त्यावर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण ते कुणाच्या सांगण्यावरनं लिहिलं गेलं ते तिला पक्कं माहीत होतं.

नवव्या दिवशी ती जयाला घेऊन गावच्या उपकेंद्रात गेली होती. तिथल्या नर्सनं विचारलं, बाळंतपण कुठं झालं? दोन वर्षांमागं दुसऱ्या एका कोपीतल्या बाळंतपणावरनं अशाच एका नर्सबाईनं तिला चार बायकांत सुनावलं होतं. अडाणी म्हणाली होती. ते पुन्हा ऐकून घ्यायचं राहीबाईच्या जिवावर आलं. ती म्हणाली, "दवाखान्यात." नर्सनं विचारलं, तिथं मांडीत सुई दिली ना? राहीबाई म्हणाली, "समदं दिलंय." नर्सपुढं तीस बायका रांगेत होत्या. तिनं टीक केली.

एवढंच. हाताची चूक नव्हती ती. तोंडाची होती.

बाहेर बुटांचा आवाज आला. हवालदार विजयमालाबाई चाराच्या आधीच आल्या होत्या. डॉक्टरांच्या खोलीत त्यांनी कागद मांडला, रुपालीला समोर बसवलं, पाठ कधी निळी दिसली ते तिच्याकडनं ऐकलं आणि विचारलं, "बाळाची पाठ दुपारी निळी झालेली पाहून तू कुणाला सांगितलं का नाहीस?" रुपालीनं दाराकडं पाहिलं. रामहरी आणि पंकजा भिंतीला टेकून उभे होते. रुपालीच्या हातावर धागा जवळजवळ बसला होता, हे राहीबाईला ठाऊक होतं. गप्प राहायचं म्हटलं तर एक शब्दही खोटा बोलावा लागला नसता.

ती दारातनं आत आली आणि हवालदारबाईंकडं न बघता डॉक्टरांपुढं उभी राहिली.

"डाक्टर, आदी सुई. मंग कागूद. जयाला जल्माची सुई दिलेली न्हाई. ती दवाखान्यात झालीच न्हाई. कोपीत झाली, माझ्या हातावर. गाडी आलती, मी माघारी लावली. कार्डावरचं खोटं हाय. ते मी लिवून घेतलं."

डॉक्टर उठून उभे राहिले. "आजी, तुम्हाला कळतंय ना काय बोलताय?"

"कळतंय म्हनूनच बोलतीय. कान टोचले तवाबी रगत थांबलं न्हवतं. शिस्टरला इचारा, पाय टोचून रगत घेतलंय तिथला कापूस बघा."

एलिझाबेथ दारातच होती. "सकाळपासून तिसरा कापूस बदललाय, डॉक्टर. मी आता तेच सांगायला येत होते."

डॉक्टर खोलीतनं गेले ते चालत नव्हे, धावत. जाता जाता त्यांनी नगरला फोन लावला. एलिझाबेथनं कपाटातनं एवढीशी बाटली काढली. राहीबाईनं काचेतनं पाहिलं. सुई खरंच बारीक होती. औषध डोळ्यातल्या थेंबाएवढं. हेच तिनं गाडीबरोबर माघारी लावलं होतं.

मग ती हवालदारबाईंपुढं बसली. पदरातला धागा काढून टेबलावर ठेवला आणि त्याच्याशेजारी डावा हात उपडा ठेवला.

"मोजा," ती म्हणाली. "पाठीवरची तीन बोटं ही. चवथं का न्हाई ते दिसतंयच. माझ्या सुनंचा ह्यात हात न्हाई, लेकाचा न्हाई, लेकीचा न्हाई. सकाळी मी म्हनलं, पोरीला हात लावनारी तीन मानसं. मला मोजलंच न्हाई मी. मला वाटलं, माझा हात म्हंजी हातच न्हवं, औषिद हाय."

विजयमालाबाईंनी धागा मोजला, पण लगेच काही लिहिलं नाही. "मुद्दाम दाबलंत का, आजी?"

"न्हाई."

"मग अंघोळीचा गुन्हा होत नाही."

"अंघुळीचा न्हाई होत. खोटं बोलल्याचा होत आसंल. तेबी लिवा. न्हाईतर उद्या कुनीतरी म्हनंल, आयनंच केलं आसंल. आयचं नाव त्या कागदात नगं."

त्यांनी लिहिलं. राहीबाईला सही म्हणून नावाची चार अक्षरं तेवढी गिरवता यायची. तिनं ती गिरवली. शेवटचं अक्षर ओळीखाली उतरलं.

रुपालीनं हे सगळं ऐकलं. ती सासूकडं आली नाही आणि सासूही तिच्याकडं गेली नाही.

नगरचा रिपोर्ट सहाच्या सुमारास आला. रक्त गोठायला लागावा तितक्याच्या कितीतरी पट वेळ लागत होता. तोवर जयाला सुई देऊन दोन तास झाले होते, रक्तातलं पिवळं पाणी, प्लाझ्मा, तेही चढवलं होतं, आणि टाचेवरचा कापूस कोरडा राहिला होता. डॉक्टर बाहेर आले. सकाळचं बोलणं त्यांनी रुपालीसमोर परत घेतलं, चार माणसांदेखत. मग म्हणाले, "रक्त थांबलंय. पण डोक्यात सांडलं ते सांडलं. उजवा हात ती कमी हलवतेय. राहील का भरून येईल, ते वर्षभरानं सांगता येईल. आज पोर आपली आहे, एवढंच सांगतो."

एलिझाबेथनं कार्डावरच्या एका शब्दावर रेघ ओढली आणि वर दुसरा लिहिला. "काय लिवलं?" राहीबाईनं विचारलं. "कोपी," ती म्हणाली. सुईच्या रकान्यातली जुनी टीक खोडून तिथं आजची तारीख घातली.

"आईला बोलवा," ती मग म्हणाली. "आता अंगावर पाजू देत."

पोरांचा वॉर्ड आवाराच्या पलीकडं होता. दिवस बुडाला होता, आवारातला दिवा अजून लागला नव्हता. रामहरी औषधं आणायला गेला होता, पंकजा त्याच्याबरोबर. रुपाली पायरीच्या कडेला येऊन थांबली. एक पाय पुढं केला, परत घेतला. हात हवेत चाचपला.

राहीबाई चिंचेखालनं उठली. तिनं डावा हात पुढं केला, त्याच्याकडं पाहिलं आणि मागं घेतला. मग ती सुनेच्या दोन पावलं पुढं जाऊन उभी राहिली, पाठमोरी.

"एक पायरी हाय," ती म्हणाली. तिचा आवाज टोळीत कुणी कधी इतका खाली ऐकला नव्हता. "उतर. आता मोकळं हाय. सरळ ये. डाव्या अंगाला बाकडं हाय, तिकडं जाऊ नगं."

मागं पावलं वाजली, ती तिच्या आवाजामागनं चालत आली. चिंचेच्या मुळीशी राहीबाई थांबली. तिला रुपालीचं दुपारचं 'बोलू नगा' आठवलं आणि ती गप्प झाली.

मागची पावलंही थांबली.

"आत्याबाई," अंधारातनं रुपाली म्हणाली. "बोलत ऱ्हावा."